भावाला अटक झालीय, तालुक्याच्या कोर्टात चांगला क्रिमिनल वकील कसा शोधायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, खूप टेन्शनमध्ये लिहितोय, सांभाळून घ्या. मी पुण्यात हिंजवडीला नोकरीला, गाव सातारा जिल्ह्यात, तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रविवारी संध्याकाळी बांधावरून आमची आणि शेजारच्यांची जोरात मारामारी झाली. हे भांडण आज्याच्या काळापासूनचं आहे, दोनदा सरकारी मोजणी झाली तरी मिटलं नाही. धाकट्या भावाच्या हातात खोऱ्याचा दांडा होता, तो समोरच्या पोराच्या डोक्यात बसला, सहा टाके पडलेत, पोरगं शुद्धीवर आहे आणि बोलतंय. भावाच्या मनगटाला पण त्यांच्या कोयत्याचं लागलंय पण त्याची तक्रार कोणी घेतली नाही. सोमवारी त्याला उचलला आणि आज मंगळवारी कोर्टात उभा केला, शुक्रवारपर्यंत पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी दिलीय. गावात सगळे म्हणतात ३०७ लागलंय पण एफआयआरवर १०९ लिहिलंय, म्हणजे नक्की काय लागलंय तेच कळेना.

आज कोर्टात आमचा वकील नव्हता, कोर्टानेच एका मोफतवाल्या वकिलांना उभं केलं, ते भावाशी दोन मिनिटं बोलले आणि मग काहीतरी म्हणाले, मला मागून ऐकू आलं नाही.

आता माझ्यापुढे तीन नावं आहेत. एक, पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराने चिठ्ठीवर नंबर लिहून दिलाय, म्हणतो या साहेबांना लावा, आमचं त्यांचं जमतं, लगेच सुटेल. दोन, ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीचे पुण्यातले मोठे वकील, फोनवरच १ लाख ७५ हजार सांगितले. तीन, आमच्या चुलत्यांची वाटपाची केस बघणारे तालुक्यातलेच वकील, माणूस देवासारखा आहे पण मारामारीच्या केसेस ते करतात का माहीत नाही. आई म्हणते दागिने मोड पण मोठाच वकील लाव. मला कळत नाहीये, प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा. शुक्रवारच्या आत ठरवायचंय.

माणदेशी

दादा आधी पाणी पी, जेव, आणि आईला दागिने मोडू देऊ नको. आमच्याकडे २०१९ ला अगदी असंच झालेलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून, माझ्या मामाला आत घातलेलं. आम्ही घाबरून लांबच्या शहरातले नावाजलेले वकील केले, पैसे आधी दिले, आणि पहिल्या तारखेला साहेब आलेच नाहीत, ज्युनिअर आला, त्या बिचाऱ्याला आमच्या कोर्टात फाईल कुठल्या टेबलावर असते ते पण माहीत नव्हतं, सरकारी वकिलांचा से, म्हणजे जामीन अर्जावरचं लेखी म्हणणं, आला नाही म्हणून तारीख पडली, पुढच्या वेळी परत तेच. मामा ३४ दिवस आत होता. शेवटी तिथलेच एक वकील केले, ते रोज त्याच कोर्टात उभे असतात, त्यांनी स्वतः ठाण्यात जाऊन तपासी अंमलदाराच्या मागे लागून से आणवला आणि पाच दिवसांत काम झालं. मोठे वकील वाईट होते असं मी म्हणत नाही, हायकोर्टात ते भारी असतीलच, पण तालुक्याच्या कोर्टातलं काम हे रोज तिथं हजर असणाऱ्याचं काम आहे, एवढं मी मामाच्या ३४ दिवसांवरून शिकलो.

आणि ती हवालदाराची चिठ्ठी फाडून टाक. जो तपास करतोय त्याच्याच माणसाने दिलेला वकील तुझ्या भावाच्या बाजूने पोलिसांशी भांडेल का, तूच सांग.

काळा कोट

मी वकील आहे, १४ वर्षं फौजदारीच करते, जिल्हा तुमचा नाही त्यामुळे मला केस नकोय, मोकळेपणाने लिहिते.

दादा, वकील कोण हे नंतर बोलू, आधी एक सांगा, एफआयआरमध्ये आरोपी म्हणून फक्त भावाचंच नाव आहे का? खाली कलम ३(५), म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच हेतूने केलं असं, लिहिलंय का? पूर्ण वाचा आणि आजच वाचा. बांधाच्या भांडणात फिर्यादी सहसा अख्खं घर लिहून देतो.

तोवर कलमाचं सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे गावाच्या तोंडात असलेलं ३०७ म्हणजेच कागदावरचं १०९, खुनाचा प्रयत्न. १०९ मध्ये दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते म्हणून खटला सेशन कोर्टात चालतो आणि मॅजिस्ट्रेट सहसा जामीन देत नाहीत, जामीन सेशनलाच मागावा लागतो. आता यातलं खरं काम बघा. सहा टाके म्हणजे आपोआप खुनाचा प्रयत्न होत नाही. मारताना हेतू काय होता, हत्यार कसलं, घाव किती, कुठे, थांबवलं कोणी की आपणहून थांबला, जखम साधी की गंभीर, या सगळ्यावरून कोर्ट ठरवतं. धोक्याच्या हत्याराने साधी दुखापत असेल तर ११८(१), त्याला तीन वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर ११८(२), तिथे कमीत कमी एक वर्ष आणि पुढे जन्मठेपेपर्यंत. म्हणजे एकाच दांड्याच्या एकाच फटक्याला तीन वेगळी कलमं लागू शकतात आणि माणसाचं आयुष्य यातलं कुठलं टिकतं त्यावर ठरतं. क्रिमिनल वकिलाचं निम्मं काम हे आहे. दवाखान्यातला जखमेचा दाखला, सिटी स्कॅन झालं असेल तर त्याचा रिपोर्ट, दांडा जप्त केल्याचा पंचनामा आणि फिर्याद समोर ठेवून यांचं एकमेकांशी जुळतं का ते बघायचं. फिर्यादीत लिहिलंय चार फटके मारले आणि दाखल्यात जखम एकच, असं मी कितीतरी वेळा बघितलंय.

उद्या सकाळी जो वकील कराल त्याला ही कामं सांगा, आणि त्याला आधीच माहीत असतील तर समजा माणूस बरोबर मिळाला. पोलिसांनी अटकेची कारणं भावाला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत दिली का ते बघायचं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह प्रकरणात, हे आपल्या वरळीच्याच अपघाताचं प्रकरण, स्पष्ट सांगितलंय की कुठल्याही गुन्ह्यात हे लेखी द्यायलाच हवं, आणि जागेवर देणं शक्यच नसेल तर निदान रिमांडसाठी उभं करायच्या दोन तास आधी. दुसरं, भावाच्या मनगटाची जखम. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते त्यात ती लिहिली गेली का? नसेल तर शुक्रवारी वकिलाने मॅजिस्ट्रेटसमोर सांगायचं, जखम दाखवायची आणि रेकॉर्डवर आणायची, कारण पंधरा दिवसांनी जखम भरली की पुरावा गेला. त्यांच्या हातात कोयता होता हे तुमच्या बचावाचं मूळ आहे. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोस्टाने, पावती जपून, त्यानेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, १७३(४) मध्ये हा रस्ता आहे. आणि तिसरं, कोठडीत असताना भावाला वकिलाला भेटायचा हक्क आहे, चौकशी चालू असताना पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही पण भेट घेता येते. वकिलाने जाऊन भेटायचं आणि भावाला सांगायचं की पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण तू दांडा काढून दिलास तर तेवढा भाग चालतो, तेव्हा न वाचता सही करू नकोस. या एका भेटीने घाबरलेलं पोरगं सावरतं हो, मी बघितलंय.

कृष्णाकाठ

ताई खूप खूप आभार. एफआयआर नीट वाचला, हात थरथरतायत माझे. वडिलांचं आणि चुलत भावाचं पण नाव आहे आणि ३(५) पण आहे. वडील ६४ वर्षांचे, ते भांडण सोडवायला गेलेले. चुलत भाऊ तर त्या दिवशी कोल्हापूरला होता. आता काय करू? वडील घरीच आहेत, पोलीस येतील का?

काळा कोट

येऊ शकतात. म्हणूनच विचारलं. घाबरू नका पण उद्याच्या उद्या दोघांसाठी सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२, आणि त्यातच निकालापर्यंत अंतरिम संरक्षण मागायचं. वडिलांचं वय, फिर्यादीत त्यांच्याकडे हत्यार दाखवलंय का, त्यांनी नक्की काय केलं असं लिहिलंय, हे शब्द न् शब्द वाचायला लागेल. चुलत भाऊ कोल्हापूरला होता तर एसटीचं तिकीट, पेट्रोल पंपाची पावती, यूपीआयचे पेमेंट, मोबाईलचं लोकेशन, ज्या दुकानात गेला तिथलं सीसीटीव्ही. सीसीटीव्ही बऱ्याच दुकानांत थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते आजच मागा आणि लेखी मागा. आणि वडिलांना पळून जा असं कोणी सांगेल तर ऐकू नका, नोटीस आली तर ती घ्या आणि लगेच वकिलाला दाखवा.

स्पष्टवक्ता सांगली

राग मानू नका, पण एक विचारू का. त्याच्या भावाने मारलंय हे तो स्वतःच लिहितोय. डोकं फुटलंय समोरच्याचं. मग वकील करून काय करायचं, खोटं बोलून सोडवायचं? माझ्या मेव्हण्याला असंच मारलेलं, आरोपी आठ दिवसांत बाहेर येऊन त्याच्याच दारापुढून गाडी फिरवत होते. आमच्या बाजूने कोण बोलतं? मला या बचावाच्या वकिलांचं कधीच पटलं नाही.

काळा कोट

तुमच्या मेव्हण्यांबद्दल वाचून वाईट वाटलं आणि तुमचा राग मला चुकीचा वाटत नाही. जामिनावर सुटलेला आरोपी दारापुढून गाडी फिरवत धमकावत असेल तर जामीन रद्द करा असा अर्ज करता येतो आणि फिर्यादीलाही स्वतःचा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला देता येतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर ते सांगायला हवं होतं.

पण खोटं बोलण्याचं म्हणाल तर नाही. मी पक्षकाराला खोटं सांगायला शिकवत नाही, तसं करणं आमच्या नियमांतही बसत नाही. माणसाने मारलं असेल तरी प्रश्न उरतातच. किती मारलं, का मारलं, समोर कोयता होता का, खुनाचा हेतू होता की झटापटीत लागलं, आणि जे तिथे नव्हतेच त्यांना का गोवलं. या भाऊंच्या चुलत भावाचंच बघा, तो कोल्हापुरात होता आणि आज त्याचं नाव जन्मठेपेच्या कलमाखाली आहे. हे कोर्टापुढे कोण मांडणार? पोलीस स्वतःहून मांडणार नाहीत. सरकारच्या बाजूने पोलीस, सरकारी वकील, फॉरेन्सिक लॅब एवढं सगळं असतं, दुसऱ्या बाजूला एक काळा कोट असतो. सरकारने आपलं म्हणणं पुराव्याने सिद्ध करावं आणि ते जमलं नाही तर माणसाला आत ठेवू नये, एवढ्यासाठी आम्ही उभे असतो. राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क लिहिलाय तो गुन्हा न केलेल्यांपुरता लिहिलेला नाही, कारण कोणी केला ते खटल्याआधी ठरत नाही.

कसाबच्या खटल्यातसुद्धा कोर्टाने त्याला वकील दिला, सुप्रीम कोर्टात राजू रामचंद्रन यांच्यासारखे सीनियर वकील त्याच्यासाठी उभे राहिले, आणि २०१२ साली फाशी कायम झाली. त्या निकालावर जगात कोणी बोट ठेवू शकलं नाही याचं एक कारण ते वकील आहेत असं मला मनापासून वाटतं. काही ठिकाणी बार असोसिएशन ठराव करतात की अमक्या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव बेकायदा ठरवलेत. मी पण एकदा गावाचा रोष ओढवून असं एक वकीलपत्र घेतलेलं, महिनाभर कोणी माझ्याशी चहा प्यायलं नाही. तो माणूस निर्दोष सुटला, खरा आरोपी दुसराच निघाला. मी नसते उभी राहिले तर, हा विचार अजूनही झोपताना येतो.

शिरस्तेदार निवृत्त

वरचं सगळं वाचलं. मी ३१ वर्षं कोर्टात नोकरी केली, वेगवेगळ्या तालुक्यांत बदल्या झाल्या, वकील जवळून बघितले. सांगलीच्या भाऊंसाठी एकच जोडतो. १८९७ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी दिनशा दावर बॅरिस्टर म्हणून उभे राहिले आणि न्यायमूर्ती तय्यबजींनी जामीन दिला. पुढे १९०८ ला तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते आणि त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. उभा राहिलेला वकील म्हणजे पक्षकाराच्या मताचा माणूस असं नसतं, खुर्ची बदलली की काम बदलतं.

आता मूळ प्रश्न, वकील शोधायचा कसा. इंटरनेटवर टॉप टेन वकील अशा याद्या दिसतात त्यावर जाऊ नका. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे चांगल्या फौजदारी वकिलाचं नाव तुम्हाला तिथे सापडेलच असं नाही. बेटा, तू उद्या सुट्टी काढ आणि सकाळी साडेदहाला कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, कोणी उठवणार नाही. सेशन कोर्टाच्या दारावर दिवसाचं बोर्ड लावलेलं असतं, त्यात जामीन अर्ज कुठले ते बघ आणि दुपारपर्यंत बसून ऐक. कोण कागद वाचून आलाय, कोणाला न्यायाधीश प्रश्न विचारतात आणि तो नेमकं पान काढून दाखवतो, कोण नुसतीच तारीख मागतोय, दोन तासांत तुला कळेल, त्यासाठी कायदा शिकावा लागत नाही. मग बाहेर टपरीवर चहा पीत दोघातिघांना विचार की सेशनच्या मारामारीच्या केसेस इथे कोण चालवतं. टंकलेखकाला विचार, स्टँप विकणाऱ्याला विचार, ते रोज बघत असतात. एकच नाव तीन तोंडांतून आलं की त्याच्याकडे जा.

ई-कोर्ट्सचं ॲप फोनवर आहे ना, त्यात वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. ज्याचं नाव निघेल त्याच्या केसेस टाकून बघ, फौजदारी किती आहेत, सेशनच्या आहेत का. तुमचे वाटपाचे वकील देवमाणूस असतील, त्यांना जरूर भेट, पण त्यांना सरळ विचार की साहेब, ही केस तुमच्या भावाची असती तर तुम्ही कोणाकडे दिली असती. खरा माणूस बरोबर नाव देईल.

फीचं पण बोलून घे. पहिल्याच भेटीत विचार की जामिनाचे किती, अटकपूर्वचे किती, पुढे खटल्याचे वेगळे का एकत्र, टायपिंग आणि स्टँपचे वरून का, आणि पावती माग. सुटला तर एवढे, नाही सुटला तर एवढे असं कोणी म्हणालं तर उठ तिथून, निकालावर फी ठरवायला नियमांत बंदी आहे. न्यायाधीशांना द्यायचेत असं म्हणून कोणी पैसे मागितले तर तो माणूस तुला लुटतोय, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नको. वकीलपत्रावर सही करताना वकिलाचं नाव आणि सनद नंबर लिहिलाय का बघ, कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही. पुढे नाही पटलं तर वकील बदलता येतो, जुन्याची ना हरकत घ्यायची रीत आहे, पण फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सक्सेना प्रकरणात ते सांगितलंय. आणि जामिनावर सुटेलच अशी गॅरंटी देणाऱ्याकडे तर जाऊच नको.

माणदेशी

काकांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. आम्ही कोर्टात बसून बघायची अक्कल तेव्हा केली असती तर...

तुळजाईची लेक

मला त्या मोफतवाल्या वकिलांबद्दल बोलायचंय कारण सगळे त्यांना हलक्यात घेतात. माझा नवरा चोरीच्या केसमध्ये आत होता, आमच्याकडे खरंच पैसे नव्हते, मी चार घरी पोळ्या लाटते. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे गेले. कोठडीत असलेल्या माणसाला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, बाईमाणसाला पण नाही, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे असं त्यांनी सांगितलं. आता बऱ्याच जिल्ह्यांत लोक अभिरक्षक म्हणून पगारी वकिलांचं वेगळं कार्यालय झालंय, त्यांना फौजदारी सोडून दुसरं काम नसतं. आमच्या केसला ज्या मॅडम होत्या त्या तुरुंगात दोनदा जाऊन भेटल्या त्याला. खाजगीवाल्याने पहिल्या दिवशी दहा हजार घेऊन फोन उचलला नव्हता. १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे, तो लावला तरी सांगतात कुठे जायचं. तालुक्याच्या कोर्टात पण समिती असते. भाऊ, पैसे असतील तर जरूर खाजगी करा पण त्या पहिल्या दिवशी उभे राहिलेल्या वकिलांना शोधून काढा आणि विचारा काय झालं आत, त्यांनी तुमच्या भावाशी बोललंय, त्यांना माहीत असेल.

कृष्णाकाठ

अपडेट देतोय, उशीर झाला, माफ करा, घरी फार धावपळ होती.

बुधवारी सुट्टी टाकून कोर्टात जाऊन बसलो. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, एक पन्नाशीचे वकील होते, आवाज पण चढवला नाही, दाखल्यावरची एक ओळ वाचली आणि न्यायाधीशांनी मान हलवली, ती केस वेगळीच होती, पण मला तिथेच वाटलं की हेच. बाहेर टपरीवर दोघांनी त्यांचंच नाव घेतलं, आणि वाटपाच्या वकील साहेबांना तुमचा प्रश्न विचारला तर त्यांनी पण तेच नाव सांगितलं, वर स्वतः फोन करून दिला. त्या मोफतवाल्या वकिलांना पण भेटलो, ताई, तुम्ही बरोबर होता, त्यांनी त्या दोन मिनिटांत मनगटाची जखम विचारून रिमांडच्या कागदावर लिहून घेतली होती, मला मागून कळलंच नव्हतं. त्यांचे पाय धरावेसे वाटले.

वडिलांना आणि चुलत भावाला गुरुवारीच अंतरिम मिळालं. कोल्हापूरच्या दुकानाचं सीसीटीव्ही मिळालं, त्यात तो स्वच्छ दिसतोय. दवाखान्याच्या दाखल्यात जखम एकच आणि साधी लिहिलीय, फिर्यादीत चार फटके. शुक्रवारी पीसीआर वाढवून मागितला पण एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, मग सेशनला जामीन टाकला, से यायला सहा दिवस गेले, आणि परवा जामीन मंजूर झाला, २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढाच एक जामीनदार, आठवड्यातून एकदा हजेरी आणि फिर्यादीच्या वस्तीवर जायचं नाही. नामंजूर झाला असता तर हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जायचं असं वकील म्हणाले होते, मुंबईला जायची गरज आता राहिली नाही. फी पुण्याच्या साहेबांनी सांगितली त्याच्या निम्म्याहून कमी झाली, पावती दिली. आईचे दागिने आहेत तसेच आहेत.

आता अडलंय एका गोष्टीवर. जामीनदार म्हणून मामा तयार आहेत पण ऐपतीचा दाखला तहसीलमधून यायला आठवडा लागेल म्हणतात. तोवर भाऊ आतच राहणार का? आणि अजून एक, समोरच्या पोराला भेटून माफी मागावी असं वडिलांच्या मनात आहे, मिटवता येईल का?

काळा कोट

खूप बरं वाटलं. दाखल्यासाठी थांबू नका, वकिलांना आजच तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज द्यायला सांगा. कोर्ट बऱ्याचदा रोख रक्कम भरून घेऊन सोडतं आणि जामीनदार आणायला काही आठवडे मुदत देतं, जामीनदार दिला की रोख परत मिळते.

माफीचं वडिलांच्या मनात आलं हे फार चांगलं आहे, पण तुम्ही किंवा वडिलांनी त्यांच्या घरी अजिबात जाऊ नका. उद्या साक्षीदारावर दबाव आणला असा अर्ज आला तर मिळालेला जामीन जाईल. तुमच्या वकिलांनी त्यांच्या वकिलांशी बोलावं, नाहीतर दोन्हीकडचं ऐकतील असं गावातलं कोणी मोठं माणूस. १०९ आपसात मिटवता येत नाही, पण दोन्हीकडून खरंच मनापासून मिटलं तर गुन्हा रद्द करायला हायकोर्टात जाता येतं, आणि अशा वेळी खुनाच्या प्रयत्नाचं कलम खरंच लागतं का हे कोर्ट जखमेवरून बघू शकतं, नरिंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय. घाई नको. पोराचे टाके सुकू देत, बांधाची मोजणी पुन्हा करून घेऊ असं म्हणून सुरुवात करा, भांडण तिथून आलंय.

स्पष्टवक्ता सांगली

कृष्णाकाठ भाऊ, मी आधी कडक लिहिलं होतं. चुलत भावाचं वाचून विचार करत बसलो. तुमचे वडील माफी मागतो म्हणतात, आमच्याकडे कोणी आलं नाही कधी. समोरच्या पोराच्या दवाखान्याचा खर्च निघत असेल तर तो विषय पण वकिलांमार्फत काढा, त्याच्या घरच्यांना ते लागतं, मी अनुभवाने सांगतो. आणि काळा कोट ताई, जामीन रद्दच्या अर्जाचं मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला मेसेज करतो.

शिरस्तेदार निवृत्त

बेटा, भाऊ बाहेर आला की त्याला एक शंभर पानी वही आणून दे. हजेरीला जाईल त्या प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोणासमोर सही केली ते लिहायचं. आजारी पडला किंवा पाऊसपाण्याने जाता आलं नाही तर त्याच दिवशी वकिलाला कळवायचं, दुसऱ्या दिवशी नाही. चार्जशीट दाखल झाली की सगळ्या कागदांची नक्कल आरोपीला फुकट मिळते, ती वकिलांकडेच न ठेवता एक झेरॉक्स घरी ठेव आणि वडिलांना बसवून वाचून दाखव, जागेवर कोण कुठे उभं होतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. मामांना सांग दाखल्यासाठी सातबारा ताजा काढा, आधार आणि रेशनकार्ड झेरॉक्स बरोबर ठेवा, नावात एका अक्षराचा फरक असला तरी परत पाठवतात.

कृष्णाकाठ

रोख जामिनाचा अर्ज आज दुपारी मंजूर झाला. मी आत्ता जेलच्या गेटबाहेर उभा आहे, सहाच्या आत ऑर्डर पोचली तर आजच सोडतील म्हणतायत. आई डबा घेऊन आलीय.